नवसात गेलेली रॅकेट

मित्रांनो, मी बॅडमिंटनची एक जुनी रॅकेट आहे, आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. माझ्या अंगात कसलीही दैवी शक्ती नाही. असती, तर माझ्या दांड्यावर पावडर चोळून लॉटरीचा आकडा शोधणाऱ्या माणसांच्या बोटांना मी केव्हाच फोड आणले असते. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना हळव्या होतात म्हणे. मला मात्र संताप येतो, आणि तो का येतो ते ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यात दाबलं, भट्टीत भाजलं, रंग दिला. त्रांग गावातल्या एका डॉक्टरच्या मुलासाठी मला विकत घेतलं गेलं. तो हरला की मला जमिनीवर आपटायचा. माझ्या डोक्यावरचा पहिला टवका त्याच्याच कृपेचा. पुढे त्याला गिटारचा नाद लागला आणि मी कपाटात पडले. तिथून मला प्रसोंग गुरुजींनी मागून आणलं.

गुरुजी नगरपालिकेच्या हॉलमध्ये मुलांना बॅडमिंटन शिकवत. हॉलला पत्र्याचं छप्पर. आमच्याकडे पाऊस पडायला लागला की थांबत नाही, आणि त्या पत्र्याखाली ओरडून सांगितलेले गुणही ऐकू येत नसत. मुलं बोटांनी गुण दाखवत आणि बोटांनीच भांडत. इथेच मी बाईतोईच्या हाती आले. ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि माझी मूठ तिच्या पंजात मावत नव्हती. गुरुजींनी वरची पट्टी सोलून मूठ बारीक केली. मला कुणीतरी कुणासाठी बदललं, ते पहिल्यांदाच.

बाईतोईची आई सुनी सकाळच्या बाजारात पाथोंगको तळायची. कणकेचे ते जोडतुकडे खायला सगळं गाव यायचं. तोई आधी आईला कणीक तिंबून द्यायची आणि मग हॉलवर पळत यायची. तिच्या तळहाताला कायम पिठाचा वास असे. नवी शटलं मोठ्या मुलांना मिळत. लहानांच्या वाट्याला पिसं मोडलेली यायची, गुरुजींनी किटलीच्या वाफेवर धरून कशीबशी सरळ केलेली. ती हवेत वाट्टेल तशी डगमगत. घाईनं मारायला गेलात तर हमखास चुकणार. म्हणून तोई थांबायला शिकली. शटल अगदी जवळ येईपर्यंत ती हात हलवायची नाही, आणि शेवटच्या क्षणी मनगट असं फिरवायची की समोरची मुलगी डावीकडे धावलेली असे आणि शटल उजवीकडे पडलेलं असे. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, सात वर्षं, रोज.

आमच्यात रॅकेट ओलांडत नाहीत. एकदा घाईत ती मला ओलांडून गेली, तर गुरुजींनी तिला माझ्यासमोर गुडघ्यांवर बसवून हात जोडायला लावले. दर वर्षी एका गुरुवारी मुलं फुलं घेऊन गुरुजींच्या पाया पडत, आणि गुरुजी आम्हा सगळ्या रॅकेटींच्या दांड्यांवर पांढऱ्या गंधाचा ठिपका लावत. तो मान मला आवडायचा. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा कामावर असे.

सोळाव्या वर्षी तोई बँकॉकला कुमार गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम फेरीला पोचली. हा सामना जिंकणारीला देशाच्या शिबिरात जागा मिळणार होती. सुनी काही बँकॉकला आली नाही. मुलीचा खेळ बघणं तिला झेपायचंच नाही. छातीत धडधडतं म्हणायची. सात वर्षांत तिनं एकही सामना पाहिला नव्हता. शेजारची फळवाली तिला फोनवर गुण सांगत होती. तिसऱ्या डावात एकोणीस विरुद्ध चौदा असं कळलं, आणि एकोणीस समोरचीचे होते. सुनी उकळत्या तेलाची कढई तशीच टाकून हॉलमागच्या वडाखाली धावली. तिथे थुअतचं ठाणं आहे. थुअत म्हणजे पणजोबा, आमच्या गावाचा राखणदार. लोक त्याला उकडलेली अंडी बोलतात, फटाक्यांची माळ बोलतात, प्लास्टरचे कोंबडे बोलतात. सुनीनं घाबरून भलतंच बोलून टाकलं. पोरगी जिंकू दे, ज्या रॅकेटनं जिंकेल ती तुमच्या पायाशी आणून ठेवीन.

जी वस्तू आपली नाही, ती तिनं बोलून टाकली. मला कुणी विचारलं नाही ते एक वेळ सोडा. पोरीला तरी विचारायचं!

आणि त्या वेळी बँकॉकमध्ये काय चाललं होतं ते मी सांगते, कारण मी तिथे होते. तोईनं घाम पुसला. जोरात मारून ती थकली होती आणि चुकत होती. तिनं मारणंच थांबवलं. उंच, खोल, समोरचीच्या उलट्या हाताकडे ती शटल टाकत राहिली, आणि वाट बघत राहिली. सलग सात गुण! एकवीस-एकोणीस. कुणी पणजोबा जाळीपाशी आले नव्हते. आले असते तर मला दिसले असते.

घरी आल्यावर सुनीनं नवसाचं सांगितलं.

"अंडी दे ना, आई. शंभर दे. मी उकडते," तोई म्हणाली.

"जिच्यानं जिंकशील तीच, असं बोलून बसले मी."

"पण ती माझी आहे. मला विचारायचंस तरी."

"बोललेलं मागं घेतलं आणि तुझ्या गुडघ्यावर आलं, तर? मग मला विचारशील."

प्रसोंग गुरुजी नुसते कपाळ चोळत बसले. सुनीबाई, कोंबडा बोलायचा होता, एवढंच ते म्हणाले. नवस फेडला नाही तर तो मुलीला भोवतो, या भीतीपुढे आमच्या गावात कुणाचं काही चालत नाही. तोईनं मला पुसलं, माझं तारांचं गटिंग एकदा बोटांनी दाबून पाहिलं, आणि ठाण्याच्या पायरीवर ठेवलं. माझ्या मुठीला तीन रंगांचं कापड बांधलं, गळ्यात झेंडूची माळ घातली. फटाके फुटले. मी कोंबड्यांच्या रांगेत बसले, लाल सरबताच्या बाटल्यांशेजारी. त्या सरबताला मुंग्या लागत आणि त्या मुंग्या माझ्यावर फिरत.

आता ऐका कुणीकुणी वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले. गाव म्हणालं, थुअत पावला. नगराध्यक्ष मला हातात धरून फोटो काढून गेले आणि हॉल आपणच बांधल्याचं सांगून गेले. छप्पर मात्र आजही गळतं. शिबिरातले प्रशिक्षक वर्तमानपत्रात म्हणाले की ही आमच्या पद्धतीची कमाल. तोई त्यांच्याकडे जाऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते. रॅकेटी बनवणाऱ्या एका कंपनीनं तिला सहा नव्या रॅकेटी दिल्या आणि आपल्यामुळेच ती चमकणार असं जाहीर केलं. पहाटे उठून कणीक तिंबणाऱ्या आणि मोडक्या शटलांवर मनगट घासणाऱ्या पोरीचं नाव कुणाच्या तोंडी आलं का? नाही! तळपायाची आग मस्तकाला जात होती माझ्या, आणि वरून पाऊस पडत होता.

पुढच्या बातम्या मला दर्शनाला येणाऱ्या लोकांच्या तोंडून कळत. तोई पहिल्या फेरीत हरली. पुन्हा पहिल्याच फेरीत हरली. असं चार स्पर्धांत झालं. लगेच गावाची जीभ फिरली. नवसाला कमी पडलं असेल, माज आला असेल, नाव बदलून घ्या म्हणावं, ते लाभत नाही. ज्यांनी जिंकण्याचं श्रेय थुअतला दिलं, त्यांनी हरण्याचा दोष मात्र बरोबर पोरीच्या पदरात टाकला.

मग एका दुपारी ती स्वतः आली. वाळली होती. ठाण्याची देखभाल करणाऱ्या चुअपकाकांना तिनं सांगितलं की तैवानच्या स्पर्धेत पहिली फेरी पार केली नाही, तर शिबिरातून नाव कापणार आहेत. काका, मला माझी रॅकेट परत हवी आहे.

"माझ्या हातात आहे होय? त्यांना विचार," काका थुअतकडे बोट करून म्हणाले आणि कौल लावायच्या लाकडाच्या दोन फोडी तिच्या हातात दिल्या. एक उताणी आणि एक पालथी पडली तर होकार. तिनं त्या टाकल्या. फोडी पडल्या. एक उताणी, एक पालथी. "एका दिवसासाठी ने," काका म्हणाले. ही अट त्यांनी स्वतःच्या मनानं घातली.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! आम्ही हॉलवर गेलो. गुरुजी समोर उभे राहिले. तिसऱ्याच फटक्याला माझं गटिंग फाडकन तुटलं. ऊन-पावसानं त्याचा जीव कधीच गेला होता. तोई तिथेच खाली बसली आणि रडायला लागली. गुरुजींनी काही समजूत घातली नाही. लहान मुलांच्या रॅकेटींच्या ढिगातली एक जुनाट रॅकेट उचलून तिच्यापुढे धरली आणि जागेवर जाऊन उभे राहिले.

ती उठली. खेळायला लागली. शटल मोडकंच होतं, हवेत डगमगत होतं. ती थांबली. आणखी थांबली. मनगट फिरलं आणि गुरुजी डावीकडे धावले, शटल उजवीकडे पडलं. मग पुन्हा. मग पुन्हा. गुरुजी धापा टाकत जाळीपाशी आले.

"हे तिकडं का खेळत नाहीस?"

"तिथले सर म्हणतात, जोरात मार. थांबू नको."

"आणि तू काय म्हणतेस?"

तिनं माझ्याकडे बोट केलं. "मला वाटलं, ते सगळं हिच्यात होतं."

मित्रांनो, आता जे सांगते ते सांगायला मला जड जातं. तिच्या चारही पराभवांच्या बातम्या ऐकताना मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं. माझ्याशिवाय हिचं चालत नाही, असं मी स्वतःशी म्हटलं होतं. गाव, नगराध्यक्ष, कंपनी, सगळ्यांना मी नावं ठेवली, आणि मीही त्याच रांगेत उभी होते. मी त्या हॉलच्या भिंतीला टेकून पडले होते, पोटात गटिंग लोंबत होतं, आणि ती दुसऱ्याच रॅकेटनं तिचा खेळ खेळत होती. लाज वाटली मला.

संध्याकाळी तिनं मला परत ठाण्यावर आणून ठेवलं. सुनी तिथेच उभी होती. तोई आईला म्हणाली, "मी तिकडं माझाच खेळ खेळणार आहे. हरले तर हरले. पण तू आता काही बोलू नकोस, आई. फक्त बघ. एकदा तरी बघ."

तैवानच्या सामन्याच्या दिवशी सुनी दुकान आवरून ठाण्यावर आली. पाचसात जण आधीच जमले होते. एकानं फटाक्यांची माळ वडाला बांधूनही ठेवली होती. सुनी गुडघ्यांवर बसली, हात जोडले, ओठ हलायला लागले. मला वाटलं, झालं, आता आणखी कुणाचा तरी बळी. पण तिनं हात खाली घेतले. फोन काढला, माझ्या दांड्याला टेकवून उभा केला आणि समोर बसली.

मला पडदा दिसत नव्हता. मला सुनीचा चेहरा दिसत होता. पहिला डाव गेला तेव्हा तिनं तोंडावर हात धरले होते, पण बोटांच्या फटीतून ती बघत होती. दुसऱ्या डावात हात गळून मांडीवर आले. पोरगी जिंकली तो डाव. तिसऱ्यात सुनी पुटपुटायला लागली. "थांब. घाई नको. अजून थांब." आणि मग अगदी हळू, "आता." तिला कुणी बॅडमिंटन शिकवलं नव्हतं. तासाभरात तिला आपली मुलगी कळायला लागली होती.

बावीस-वीस. तोई जिंकली. तिची जागा राहिली.

चुअपकाका काडेपेटी घेऊन माळेकडे निघाले. "थुअतनं राखलं हो, सुनी. पोरीला राखलं."

सुनी उठली. तिनं ठाण्याला व्यवस्थित वाकून नमस्कार केला, आणि मग काकांकडे वळली.

"त्यांचा मान त्यांना, काका. पण हे तिनं केलं. मी बघत होते."

काका काडी हातात धरून तसेच उभे राहिले. पेटवावी की नाही, त्यांना कळेना.

मित्रांनो, तुमच्या रॅकेटी पुसून कोरड्या जागी ठेवा, गटिंग सैल झालं की बदलून घ्या, आणि त्यांना पूजेत बसवू नका, खेळायला न्या. आणि तुमच्यातलं कुणी जिंकलं, की ते कुणामुळे जिंकलं हे सांगायला माणसं धावत येतील. त्यांना आधी विचारा, तुम्ही सामना पाहिलात का?