समोरचं दिसतं

"समोर बघा. मान वळवू नका," लेफ्टनंट म्हणाला. "माझी किती बोटं वर आहेत?"

हवालदार ड्रायव्हर आपल्या ट्रकला पाठ लावून ताठ उभा होता. लेफ्टनंट त्याच्या डाव्या अंगाला, हातभर अंतरावर. समोरचं सगळं लख्ख दिसत होतं : फाटक, फळ्यावर खडूने लिहिलेले गाड्यांचे नंबर, पुढच्या ट्रकमध्ये चढणारे जवान. डावीकडे मात्र काहीच नव्हतं. काळोखसुद्धा नाही.

"तीन," त्याने ठोकून दिलं.

"मी हात वर केलाच नाही, दादा."

सगळी तुकडी त्याला दादाच म्हणायची. लेफ्टनंट तर त्याच्या थोरल्या मुलीच्या वयाचा.

"कधीपासून?"

"आठ महिने झाले. बाहेरच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. गेली ती नजर परत येत नाही म्हणाला."

"आणि इथल्या तपासणीत?"

"तक्ता समोर असतो साहेब. तो वाचता येतो."

बावीस वर्षं त्याने स्टिअरिंगखेरीज दुसरं काही हातात धरलं नव्हतं. आमचे हे तर डोळे मिटून घाट उतरतील, असं बायको शेजारपाजारी कौतुकाने सांगायची. तिला अजून काहीच ठाऊक नव्हतं.

"आजची फेरी तेवढी जाऊ द्या, साहेब. रस्ता पाठ आहे मला. डावीकडे कुणालातरी बसवतो, तो सांगत राहील."

"मागे वीस माणसं बसणार आहेत."

 बोलू नये ते हवालदार बोलून गेला.

"दरड कोसळली तेव्हा तुमच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मी पाऊण किलोमीटर गाडी उलटी काढली. वर सगळ्यांना सांगितलं, हुकूम साहेबांचा होता. तुमची लाज राखली मी."

दोन वर्षांत ही गोष्ट त्याने ओठांवर येऊ दिली नव्हती. बोलून झाल्यावर त्यालाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेफ्टनंटचा चेहरा उतरला. "म्हणूनच तर आठ दिवस गप्प बसलो," तो हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही कड्याला आरसा घासलात तेव्हाच मला कळलं होतं. तरी त्यानंतर दोनदा पाठवलं तुम्हाला. गाडी परत येईपर्यंत फाटकाशी उभा असायचो. आता नाही होत, दादा."

"मग माझं काय?"

"ठाऊक नाही. स्टोअरला ठेवतील, नाहीतर घरी धाडतील. मी शब्द टाकीन. पण खोटी आशा लावत नाही."

किल्ली हवालदाराने लेफ्टनंटला दिली नाही. बदली ड्रायव्हरला हाक मारून त्याच्या तळव्यावर ठेवली.

"उतारावर नुसत्या ब्रेकच्या भरवशावर राहू नकोस. गिअर खाली घे. आणि हिला आदळू नकोस, फार सोसलंय हिनं."

"हो, दादा."

 लेफ्टनंट ट्रकमध्ये चढून बसला. एकामागून एक गाड्या फाटकाबाहेर पडल्या. मोकळ्या आवारात तेलाचे काळे डाग उरले.

दवाखान्यातला शिपाई बोलवायला आला. "चला दादा, डॉक्टर थांबलेत." त्याने आधाराला हात पुढे केला.

"समोरचं दिसतं मला अजून," हवालदार म्हणाला आणि त्याच्या पुढे चालू लागला. दवाखान्याच्या पायरीशी त्याचा वेग मंदावला. बुटाच्या टोकाने त्याने पायरी चाचपली, टोपी सरळ केली आणि वर चढला.