चारशे किलोमीटरचे बूट

एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे बूट दोघींनी घ्यायचे आणि चारशे किलोमीटर धावून झाले की त्यांच्याबद्दल लिहायचं, ही कल्पना शुभदाची होती.

नवऱ्याच्या, सूर्यकांतच्या नोकरीपायी ती सहा वर्षांपूर्वी पुणं सोडून बंगळूरला सर्जापूर रोडवरच्या एका सोसायटीत राहायला आली. मुलगी शिकायला दिल्लीला. शुभदाचं काम घरूनच चालायचं. इतरांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका हुडकायच्या, हाच तिचा धंदा. दिवसभरात तोंड उघडायचं ते मीटिंगमध्ये. पवित्रा भेटली ती सोसायटीच्या बागेत. पाठीमागून आवाज आला, "स्वल्प थांबा अक्का, मी पण येते." पवित्राचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन बंगळूरचंच झालेलं. तिच्या मराठीत निम्मं कानडी. शुभदाला आधी हसू आलं, मग त्या मराठीची सवयच लागली. दोन वर्षं दोघी रोज बेळ्ळंदूरच्या बाजूला धावायला जात.

मग पवित्राचा नवरा योगीराज विमानतळावर नोकरीला लागला आणि ती मंडळी देवनहळ्ळीला गेली. शहर म्हणायला एकच, पण टॅक्सीने दोन तास. शुभदाचं धावणं आठवड्याभरात बंद पडलं. एकटीने अंथरुणातून उठवेना.

त्याच सुमारास सोसायटीतल्या बायका तिला विचारू लागल्या, की रोजच्या धावण्याला कोणते बूट घेऊ? दहा-बारा हजारांचे बूट कुणालाच नको होते. तीन हजारांच्या आतला एक हलका बूट नवीनच निघाला होता. शुभदाला वाटलं, हा आपणच घालून बघावा. पण तिचं वजन एक्कावन्न किलो आणि विचारणाऱ्यांत निम्म्या बायका सत्तरच्या पुढच्या. पवित्रा चौऱ्याहत्तर किलोची होती. हलक्या अंगाखाली आणि भारी अंगाखाली तोच बूट कसा टिकतो, हे दोघींनी मिळून बघायचं ठरलं. पवित्रा फोनवर म्हणाली, "सरी अक्का, पण रोज मेसेज टाकायचा हं."

फेब्रुवारीत सुरुवात झाली. शुभदाने बूट आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. दोनशे सहा ग्रॅम. पायात घातल्यावर पायात काही आहे असं वाटेना. नाड्या आखूड होत्या, जीभ एका बाजूला सरकायची, ओल्या फरशीवर जपून चालावं लागे. पण सहा-सात किलोमीटरनंतरही पाय ताजे राहत. हे सगळं ती तारीखवार लिहून ठेवी. सकाळी साडेपाचला फोन वाजायचा. 'निघाले अक्का.' मग शुभदाही निघायची. तासाभराने पवित्राची नोंद येई. आज सहा, टाच घट्ट आहे. आज आठ, तळ अजून मऊ. कधी सोबत दोन ओळी जास्तीच्या असत. द्राक्षाच्या मळ्यापाशी कुत्री मागे लागली, किल्ल्याच्या तटावर मोर बसला होता. शुभदा धावताना तो तट आणि तो मोर मनात आणायची आणि चढ कधी संपला ते तिला कळायचंही नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी मैत्रीण मिळते, हे तिने मुलीलाही फोनवर दोनदा सांगितलं होतं.

जुलैत चारशे पुरे झाले. शुभदाने सोसायटीच्या ग्रुपवर सविस्तर लिहिलं. जे खटकलं तेही लिहिलं, आणि शेवटी म्हटलं, की चौऱ्याहत्तर किलोच्या धावपटूखालीही चारशे किलोमीटरनंतर तळ बसलेला नाही, वजनदार बायकांनी निर्धास्त घ्यावा. अकरा जणींनी तो बूट मागवला.

सप्टेंबरात चौथ्या मजल्यावरची चंदना, अंगाने पवित्राएवढीच, लंगडत दारात आली. हातात पिशवी, पिशवीत तेच बूट. ती शांतपणेच बोलली. जेमतेम दीडशे किलोमीटर झाले होते, टाचेखालचा फोम चेपून पापडासारखा झाला होता आणि डॉक्टरांनी नडगीच्या हाडाला बारीक चीर सांगितली होती. सहा आठवडे धावणं बंद. चूक आपल्या पावलाची आहे की बुटाची, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. शुभदाने बूट दाबून पाहिला. अंगठा सरळ आत गेला.

तिला पवित्राची शंका आली नाही. कंपनीने मागाहून माल बदलला असणार, अशी तिची जवळजवळ खात्री झाली. पवित्राचा जोड आणि चंदनाचा जोड शेजारी ठेवले की कंपनीला जाब विचारता येईल. शनिवारी सकाळी चंदनाचे बूट घेऊन ती टॅक्सीत बसली आणि देवनहळ्ळीत पोचल्यावरच पवित्राला फोन केला. पवित्रा म्हणाली, या की.

दार योगीराजने उघडलं आणि तो लगेच ड्यूटीवर निघून गेला. पवित्रा आत उपीट करत होती. बूट दाराशीच मांडणीवर होते. शुभदाने एक उचलून उलटा केला.

तळाच्या रबरावर साच्यातून निघताना राहतात ते केसांसारखे बारीक तुरे तसेच होते. शुभदाच्या बुटावरचे पहिल्या आठवड्यातच गेले होते. आत टाचेखाली मापाच्या नंबराचा कागद चिकटलेला होता, त्याची कडसुद्धा सुटली नव्हती.

पवित्रा हातातलं उलथनं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"पवित्रा, हे किती धावलेत?"

"दोनदा घातले. बाजाराला."

मग ती सांगत गेली. इथे आल्यावर धावणं जमलंच नाही. पहिल्या दिवशी गुडघा दुखला म्हणून राहिली, पण शुभदाचा इतक्या उत्साहाचा मेसेज आला, की तिने सहा लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी खरं सांगणं जास्त अवघड झालं. पुढे ती गजर लावून उठायची, 'निघाले' असं लिहायची आणि पुन्हा झोपायची. टाचेचं, तळाचं काय लिहायचं ते शुभदाच्याच जुन्या मेसेजांवरून ठरवायची.

"आणि मोर?"

"मोर खरा होता अक्का. गच्चीवरून दिसला होता."

शुभदाला बसावंसं वाटलं, पण त्या घरात बसायचं तिच्या जिवावर आलं. तिने चंदनाचा बूट पिशवीतून काढून पवित्राच्या हातात दिला, नडगीचं सांगितलं. पवित्राचे डोळे भरले. तुम्ही धावत राहावं म्हणून केलं, असं ती म्हणाली.

"मी धावत होते ती तुझ्याबरोबर," शुभदा म्हणाली. "पाच महिने."

उपीट जळल्याचा वास आला तशी पवित्रा बूट शुभदाला परत देऊन आत वळली. शुभदाने बूट पिशवीत टाकला, चपला घातल्या आणि जिना उतरली.

त्याच दुपारी तिने ग्रुपवर लिहिलं. दुसऱ्या धावपटूच्या नोंदी खोट्या होत्या, मी त्या न तपासता पुढे दिल्या, चूक माझी. पंचावन्न किलोच्या वर वजन असेल तर हा बूट रोजच्या धावण्याला घेऊ नका. पवित्राचं नाव तिने लिहिलं नाही, तरी ओळखायचं त्यांनी ओळखलं. कुणी धीर दिला, कुणी ग्रुप सोडला. ज्या शुभदाने अख्खा जन्म दुसऱ्यांच्या चुका शोधल्या तिला एवढं कसं दिसलं नाही, असंही एकीने विचारलं. सूर्यकांत म्हणाला, की पवित्राने काही चोरलं तर नाही ना, एवढं कशाला लावून घेतेस. त्या साडेपाचच्या मेसेजांत काय होतं हे त्याला कसं समजावावं, ते तिला सुचलं नाही. त्यातला प्रत्येक दिवस तिने मनात पुन्हा काढून पाहिला आणि प्रत्येक ठिकाणी ती एकटीच होती.

नोव्हेंबरात एका सकाळी पवित्राचा मेसेज आला. 'आज तीन किलोमीटर. खरंच अक्का.' खाली धुळीने माखलेल्या बुटांचा फोटो होता. शुभदाने तो मोठा करून तळाची कड नीट पाहिली, घासलेली आहे का ते. आपण काय करतो आहोत हे लक्षात आल्यावर तिने फोन पालथा ठेवला. गोष्ट खरी असेलही. पण यापुढे पवित्राचं कुठलंही वाक्य तिला असंच उलटून पाहावं लागणार होतं, आणि तसं जन्मभर करायची तिची तयारी नव्हती. तिने उत्तर दिलं नाही.

चंदनाला डॉक्टरांनी आता सकाळी लांब फिरायची परवानगी दिली होती. शुभदा खाली गेली तेव्हा ती बागेच्या फाटकाशी दुसरे, जाड तळाचे बूट घालून उभी होती. पायाला जपत जपत दोघी चालायला लागल्या. चंदना फार बोलकी नव्हती. शुभदालाही बोलायचं नव्हतं.