कचेरीची फिल्म

मी आता जुना झालो आहे. मित्रांनो, मी दोन भिंगांचा, पोटाशी धरून वापरायचा कॅमेरा आहे. मला डोळ्याला लावत नाहीत. माझ्या डोक्यावरचं झाकण उघडतात आणि मान खाली घालून आत बघतात. आतल्या काचेवर समोरचं जग दिसतं, फक्त डावं उजवीकडे गेलेलं असतं.

माझा जन्म शांघायच्या कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका एका लांब टेबलाशी बसून माझ्यासारख्यांची भिंगं पुसत असत. बोलायला परवानगी नव्हती. माझं भिंग बसवणारीला खोकला होता आणि खोकला आला की ती तोंड फिरवून घेई, माझ्यावर थेंब उडू नये म्हणून. तेवढीच तिची आठवण आहे. पुढे मला कापसात गुंडाळलं, पेटीत घातलं आणि रेल्वेनं शान्शी प्रांतातल्या हेशान गावच्या सांस्कृतिक कचेरीत पाठवलं. तिथे माझ्या बुडाला लाल रंगानं आकडा घातला: तीन.

ते साल एकोणीसशे एकोणऐंशी. मला को शौमिंग यांच्या हवाली केलं. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. आधी शाळेत शिकवत असल्यामुळे सगळे त्यांना मास्तर म्हणत. कचेरीनं त्यांना एक सायकल दिली, मला दिलं आणि सांगितलं की तालुक्यातलं प्रत्येक देऊळ, प्रत्येक बुरूज, प्रत्येक शिलालेख यांचा फोटो काढून आणायचा.

आम्ही सतरा वर्षं फिरलो. कोळशाच्या गाड्यांची धूळ माझ्या चामडी पिशवीच्या शिवणीत बसली ती कधी निघाली नाही. मातीच्या टेकड्यांत कोरलेली घरं, त्यांच्या दारात वाळत टाकलेली मक्याची कणसं, लाकडी मनोऱ्यांचे सात-सात मजले, चेहरा झिजून गेलेले दगडी बुद्ध, हे सगळं माझ्या काचेवर आलं.

एका फिल्मवर बारा फोटो येत. मास्तर अकरा फोटो कामाचे काढत आणि बारावा माणसांचा. मान खाली असल्यामुळे ते काहीतरी शोधत आहेत असंच लोकांना वाटे, म्हणून माणसं आपल्या चालीनं वागत राहात. वेशीत उकिडवा बसलेला न्हावी, सासूच्या केसांत उवा बघणारी सून, वाडग्यात तोंड घालून शेवया ओढणारे म्हातारे, असे ते बारावे फोटो.

कचेरीतले थिएन साहेब एकदा फोटो चाळता चाळता थांबले.

"को, तुला देवळाच्या तुळया काढायला पाठवला होता. हे शेवया ओढणारे कोण?"

"देवळातलेच आहेत साहेब. रोज तिथंच जेवतात."

"मग तुळयांसारखी यांची लांबी-रुंदी घेतलीस का?"

"एकाची घ्यायला गेलो. तोंड इतकं मोठं वासलं होतं की पट्टी पुरेना."

साहेब हसले आणि त्यांनी शिक्का मारला. त्यानंतर बाराव्या फोटोला कुणी हरकत घेतली नाही.

मास्तरांची बायको रुइलान व्हिनेगरच्या कारखान्यात कामाला होती. तिच्या हातांना कायम आंबूस वास येई. मास्तर दौऱ्यावरून आले की ती जुन्या मऊ फडक्यानं मला पुसायची. त्यांच्यापेक्षा तिचा हात हलका होता. एका वसंतात तिनं निळं नवं जाकीट शिवलं आणि ते घालून दारात उभी राहिली. मास्तर माझं झाकण उघडून आत धूळ गेली आहे का ते बघत होते.

"अहो मास्तर, माझा एक काढा की."

"फिल्म कचेरीची आहे, रुइलान."

"आणि ते शेवयावाले कचेरीचे का?"

"ते नोंदीत जातात."

"मी कशातच जात नाही वाटतं!"

मास्तर ओशाळले. "पुढच्या महिन्यात आपली स्वतःची फिल्म आणतो. बाराच्या बारा तुझे काढतो, मग तर झालं?"

ती हसली आणि जाकीट घडी करून ठेवायला आत गेली. ती माझ्या काचेवर होती. मास्तरांचं बोट चापापासून दोन इंचांवर होतं. त्यांनी चाप दाबला नाही.

ते अप्रामाणिक नव्हते, हे तुम्हाला सांगायला हवं. त्यांनी खरंच फिल्म विकत आणली. पण घरी येताना वाटेत नाटकाचा एक दगडी रंगमंच पाडायला काढलेला दिसला. तीनशे वर्षांचा होता. मजूर वर चढलेले होते. मास्तर सायकलवरून उतरले आणि त्यांनी बाराही फोटो तिथेच संपवले. ते फोटो ताइयुआनच्या प्रदर्शनात लागले. मोठमोठ्या लोकांनी वाखाणणी केली. रुइलान प्रदर्शनाला आली होती. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बायकांना ती सांगत होती, "हे आमच्या घरच्यांनी काढलेत."

शहाण्णव सालच्या शरदात आम्ही नदीकाठच्या एका गावी होतो. धरणाचं पाणी चढणार होतं, गाव बुडणार होतं. लोक घरांची दारं चौकटीसकट उपटून गाड्यांवर चढवत होते. आठ दिवस झाले आणि माणूस निरोप घेऊन आला. आम्ही हेशानला पोचलो तोवर रुइलान गेलेली होती. डोक्यातली शीर फुटली होती.

अंगणात टेबल मांडलं होतं. उदबत्त्या होत्या, वाफवलेल्या पावांची चळत होती आणि मधोमध गेलेल्या माणसाचा फोटो लावायची काळी चौकट होती, रिकामी.

"फोटो कुठाय रे?" मास्तरांच्या मोठ्या आत्यानं विचारलं.

ट्रंका उघडल्या. मास्तरांची मुलगी निंग जमिनीवर बसून फिल्मची एकेक पट्टी खिडकीच्या उजेडात धरत होती. बुरूज निघाले, बुद्ध निघाले, न्हावी निघाले. एका जत्रेच्या गर्दीत कडेला आई दिसली, पण पाठमोरी, एक कान आणि थोडा गाल. शेवटी कारखान्याच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात रुइलान एकोणीस वर्षांची होती, दोन वेण्या घातलेली. लोक येऊन त्या मुलीपुढे वाकून जात होते. एका शेजारणीनं हळूच विचारलं, "ही कोण?"

मास्तर रडले नाहीत. सगळं आटोपल्यावर, भर दुपारी, त्यांनी मला पिशवीतून काढलं आणि माझं पाठीमागचं दार उघडलं. आत नदीकाठच्या गावाची फिल्म होती. ऊन सरळ आत शिरलं. ती दारं, त्या गाड्या, ती माणसं, सगळं जळून कोरं झालं. त्या दौऱ्यातल्या बाकीच्या, अजून न धुतलेल्या फिल्मही त्यांनी उन्हात दोरीवर उलगडून टाकल्या. मी पाहात होतो. मला काही वाटलं नाही. मास्तरांनाही वाटलं असेल असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं नाही.

मग मी ट्रंकेत गेलो. मास्तरांनी कचेरीत फायलींचं काम मागून घेतलं. चार वर्षं अशी गेली. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ट्रंकेत अंधार होता आणि घरात फार बोलणं नव्हतं.

एके सकाळी कचेरीत काठी टेकत एक म्हातारी आली; मी तिथे नव्हतो, पुढे कानावर आलं ते सांगतो. सोबत सून होती. म्हातारीचं नाव होउ आजी. नदीकाठच्या त्याच गावची. आता हेशानबाहेरच्या नव्या विटांच्या चाळीत राहायला आणलेली.

"तू तोच ना, मान खाली घालून फिरणारा?" तिनं मास्तरांना विचारलं. "माझा फोटो काढला होतास, दार उपटत होते तेव्हा. तो दे. माझं काही खरं नाही आता. टेबलावर ठेवायला लागेल."

"तो नाही, आजी."

"नाही म्हणजे? हरवला?"

"जाळला. फिल्म उन्हात धरली."

"का रे?"

"बायको गेली होती."

"मग मला कशाला जाळलंस? मी काय तुझ्या बायकोला मारलं?"

"आई!" सून म्हणाली.

"तू गप गं. याच्याशी बोलतेय मी." तिनं काठी जमिनीवर आपटली. "घर गेलं पाण्यात. दार आणलं, ते नव्या चौकटीत बसेना. फोटोत होतं तेवढं तू जाळलंस. आता तोंड पाडून काय उभा राहिलास? मी आहे ना अजून जिवंत? दुसरा काढ."

त्या संध्याकाळी ट्रंक उघडली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दुकानातून स्वतःची फिल्म आणली आणि आम्ही आजीच्या चाळीत गेलो. तिनं खुर्ची उन्हात मांडून घेतली होती.

"आई, ते काळं जाकीट घाला, साजरं दिसेल," सून म्हणाली.

"काळं नको. मेल्यासारखी दिसेन. आणि माझे दात आण आतून. वर म्हातारा वाट बघतोय, बोळकं घेऊन गेले तर ओळख दाखवायचा नाही."

दात आले. मास्तरांनी मला पोटाशी धरलं आणि मान खाली घातली. आजी माझ्या काचेवर आली, डावा गाल उजवीकडे. मग काचेवर पाणी पडलं आणि ती दिसेनाशी झाली. मास्तरांनी बाहीनं पुसलं. पुन्हा पडलं.

"हलू नका, आजी."

"मी कुठं हलतेय? तूच हलतोयस."

त्यांनी श्वास धरला आणि चाप दाबला. मग न थांबता बाराही फोटो आजीचेच काढले.

ती त्याच हिवाळ्यात गेली. सून पाव घेऊन सांगायला आली. म्हणाली, "मास्तर, टेबलावर आई अशी हसत बसली होती की रडायला आलेले लोक तिला उत्तरं देत होते."

पुढची अकरा वर्षं मास्तर गावोगाव गेले. देवळांसाठी नाही, ज्यांचा कधीच फोटो निघाला नव्हता अशा म्हाताऱ्या माणसांसाठी. लोक अंगणात रांग लावत, एकमेकांचे केस विंचरत. मास्तर कामापुरतं बोलत. त्यांचं दुःख गेलं असं मी सांगणार नाही. ते हसायला लागले असंही नाही. फक्त सकाळी उठून ते मला पिशवीत घालत.

मग माझ्या चापामागची स्प्रिंग तुटली. तसा सुटा भाग आता कुठे मिळत नाही. मला संग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवलं आहे. येणारे लोक फोनवर माझा फोटो काढतात आणि पुढे जातात. मला त्याचं काही वाटत नाही.

मित्रांनो, मला कुणी पुसलं नाही तरी चालेल. तुम्ही गड बघायला जाल, लेणी बघायला जाल, खुशाल त्यांचे फोटो काढा. दगड थांबतात. पण आज घरी गेलात की आत जे कुणी कामात असेल त्याला हाक मारा, जरा उजेडात या म्हणा. ते म्हणतील, आत्ता नको, हात ओले आहेत. ओल्या हातांनीच या म्हणावं.