मी संपलो नव्हतो

मी एक नारंगी टी-शर्ट बोलतोय. गोड बोलेन अशी आशा ठेवू नका. ज्या तोंडानं मी संपलो म्हणून सांगितलं, त्या तोंडावर माझा राग आहे आणि तो कुठल्याही साबणानं निघायचा नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. डोळे उघडले ते अकोल्याच्या एका कपड्याच्या दुकानात, फळीवर. माझ्याच रंगाचे गठ्ठेच्या गठ्ठे तिथं पडून होते. मालकानं हा रंग हौसेनं भरमसाट मागवला होता आणि आता दिसेल त्याच्या गळ्यात तो मारत होता.

अशात एक दिवस कुलदीप आला. अमरावतीकडच्या, भातकुलीजवळच्या एका गावच्या कबड्डी संघाच्या समर्थकांचा हा अध्यक्ष. कोणी निवडलं म्हणून विचाराल, तर त्यानं स्वतःच. वडील खुशालराव गावातले मोठे शेतकरी, त्यामुळे विचारायला कोणी गेलं नाही. संघ तेल्हाऱ्याच्या स्पर्धेत अंतिम सामन्यात पोचला होता आणि तिथल्याच संघाशी गाठ होती. तर गावानं ठरवलं की सगळ्यांनी एका रंगात जायचं. मैदानाची एक बाजू अख्खी नारंगी दिसली पाहिजे, वरून ड्रोन फिरला पाहिजे आणि रील निघाली पाहिजे.

"अमरावतीत घेतलं तर सगळ्याइले मालूम पडते," कुलदीप त्याच्या मित्राला, नितेशला सांगत होता. "अकोल्यात आपल्याले कोण ओळखते? रंग गुपित राह्यला पाह्यजे."

दुकानदार मनापासून हसला. ते हसू मला तेव्हा कळलं नाही.

गावात मारुतीच्या पारावर आमचं वाटप झालं. घराघरातून माणसं आली, पोरं आली. वच्छलाबाईंनी तर लुगड्यावर घालायला म्हणून एक मागून घेतला. मी मात्र पिशवीतच राहिलो, सगळ्यात वर, तोंडाशी. म्हणून मला सगळं दिसत होतं.

शेवटी देवमन आला. एसटीच्या डेपोत गाड्या दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला, आता निवृत्त झालाय. घर बुद्धविहाराकडच्या वस्तीत. त्याचा मुलगा प्रीतम हा संघाचा चढाईपटू. खरं सांगायचं तर संघ अंतिम सामन्यात पोचला तोच मुळी प्रीतमच्या पायांवर. बाकीच्यांनी हातभार लावला एवढंच.

"कुलदीपभाऊ, एक मले बी द्या," देवमन म्हणाला. "पोराचा खेळ हाय. गावासंगं बसीन म्हणतो."

कुलदीपनं पाय लांब करून आमची पिशवी पाराच्या मागे ढकलली.

"संपले ना काका. आता काय करता?"

मी तिथंच होतो. माझ्याखाली घडीसुद्धा न मोडलेले माझे कितीतरी भाऊ होते. पाहुणे आले, पुढारी आले तर द्यायला ठेवले होते म्हणे. पण विहाराकडच्या वस्तीत एकही टी-शर्ट गेला नाही, हे काय पाहुण्यांमुळे? मला तोंड असतं तर तिथंच बोंब मारली असती. देवमन "बरं" म्हणाला आणि परत गेला. त्याच्या त्या 'बरं'चाही मला राग आला.

सामन्याच्या दिवशी मॅटॅडोर भरून गाव तेल्हाऱ्याला निघालं. देवमन एसटीनं आला. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. मैदानाला चारी बाजूंनी बल्ल्या रोवून दोरी बांधलेली होती. तो आपल्या गावाच्या बाजूला दोरी उचलून आत शिरणार, तेवढ्यात नितेश आडवा आला.

"काका, इथं फक्त टी-शर्टवाले. तुमी बसले तं रीलमधे पांढरा ठिपका दिसते."

"अरे, पोरगा माह्या खेळून राह्यला."

"त्याले कोण नाही म्हणते? तुमी तिकडून पाहा ना."

मी पिशवीसकट कुलदीपच्या खुर्चीखाली होतो. हात लांब केला असता तर मला काढता आलं असतं. पण कुलदीप दुसरीकडे बघत होता. देवमन पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभा राहिला, एकटा.

तेवढ्यात समोरच्या बाजूनं तेल्हाऱ्याची मंडळी वाजतगाजत आत आली. सगळी नारंगी. तोच कपडा, तीच गळ्याची पट्टी, अकोल्याच्या त्याच फळीवरचे माझे सख्खे भाऊ. तेल्हारा अकोला जिल्ह्यातलं, तिथला माणूस कापड घ्यायला अकोल्यालाच जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आमच्या अध्यक्षाला तेवढं सोडून सगळं सुचलं होतं. दुकानदार का हसला ते मला आत्ता कळलं.

मग काय विचारता. प्रीतमनं गडी मारला की नारंगी ओरडे, प्रीतमची पकड झाली की नारंगीच ओरडे. वर ड्रोन फिरत होता, पण त्याला काय दिसणार, संत्र्याचा ढीग. दोन्ही बाजूंची माणसं उठून एकमेकांत मिसळली आणि "रंग आमचा चोरला" यावरून बाचाबाची सुरू झाली. त्यात पंचांनी एक गुण तेल्हाऱ्याला दिला आणि खुर्च्या उडाल्या.

कोण कोणाला मारतंय ते कोणालाच कळत नव्हतं. आमच्याच गावच्या तिघांनी नितेशला खाली घेतलं.

"अबे, मी आपलाच आहो!" नितेश ओरडला.

"आपला म्हंजे कोणाचा बे?" म्हणून त्याला आणखी एक बसली.

मला वाईट वाटलं नाही. मी खुर्चीखाली पडल्या पडल्या ठोसे मोजत होतो आणि मला ते कमीच वाटत होते. कुलदीपनंही खाल्ली. कोणाच्या हातची, ते त्याला आजवर समजलेलं नाही. तेल्हाऱ्याचा असावा अशी त्यानं स्वतःची समजूत घालून घेतली आहे.

पोलीस आले, शिट्ट्या झाल्या. शेवटची थोडीच मिनिटं उरली होती आणि दोन्ही संघ बरोबरीत होते. आयोजकांनी माईकवरून सांगितलं की नारंगी टी-शर्ट घातलेला एकही माणूस मैदानात असेल, तोवर खेळ सुरू होणार नाही. ज्यांनी टी-शर्ट काढून बनियनवर साळसूदपणा केला, त्यांनाही हवालदारांनी घामावरून ओळखून काढलं. कुलदीप गेला, नितेश लंगडत गेला, माझी पिशवी मात्र खुर्चीखाली राहिली.

हवालदार टाकीजवळ गेला.

"काका, तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

"तो रेडर दिसते ना," देवमन म्हणाला, "त्याचा बाप आहो मी."

हवालदारानं त्याच्या सदऱ्याकडे पाहिलं आणि त्याला एक खुर्ची आणून दिली.

मघाशी कान फाटत होते, आता पोरांच्या पायांचे आवाज ऐकू येत होते. प्रीतम शेवटच्या चढाईला उभा राहिला. त्यानं आधी गावाच्या बाजूकडे पाहिलं, तिथं उलट्या पडलेल्या खुर्च्या होत्या. मग टाकीकडे पाहिलं. तो आत शिरला, कोपऱ्यातल्या गड्याला हात लावला, दुसऱ्यानं घोटा धरला, त्याला तसाच ओढत तो पालथा पडला आणि बोटं मध्यरेषेला लागली. दोन गडी बाद. पंचांची शिट्टी झाली आणि त्या मोठ्या मैदानात एकाच माणसाच्या टाळ्या वाजल्या. अख्खं गाव दोरीच्या बाहेर टाचा उंचावून विचारत होतं, काय झालं, काय झालं.

देवमन उठून मुलाकडे निघाला. वाटेत त्याचा पाय माझ्या पिशवीला लागला. तो वाकला. त्यानं मला उचललं आणि खालच्या घड्या बोटानं वर करून मोजल्या. त्याला सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिशवी घेऊन खुशालरावांच्या ओसरीवर गेला. बायको इंदूबाई सोबत होती. ओसरीवर प्रीतमच्या मिरवणुकीची तयारी चालली होती. कुलदीपचा एक डोळा सुजलेला.

"तुमचे संपलेले टी-शर्ट," देवमन म्हणाला आणि पिशवी खाली ठेवली. "मैदानात सापडले. पाहून घ्या, एखादा कमी असन तं मले चोर म्हनसान."

खुशालराव मुलाकडे पाहू लागले. कुलदीप पिशवीशी वाकला. त्यानं मला वरून उचललं आणि पुढं केलं.

"काका, एक तुमी घ्या ना. आज मिरवणुकीत घाला. सगळे एका रंगात दिसू."

"काहून, आता ठिपका नाही दिसत का?" इंदूबाई म्हणाली. "काल लेकाचा बाप असून याईले बसाले जागा नव्हती. आज तुमच्या फोटोले बाप पाह्यजे."

देवमननं तिला हातानं थांबवलं. मला घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं.

"कापड चांगलं हाय," तो म्हणाला. "लागतेच मले. गाडी खोलली का हात पुसाले फडकं नसते."

आणि ओसरीवर कोणी काही बोलायच्या आत तो मला खांद्यावर टाकून निघाला.

मिरवणुकीत तो गेला, पांढऱ्या सदऱ्यात, मुलाच्या शेजारी. मी गेलो नाही. माझी एक बाही त्या दिवशीच फाडली गेली.

आता मी त्याच्या पडवीत खिळ्याला लटकलेला असतो. ऑइलनं काळा झालोय, नारंगी शोधून सापडायचा नाही. माझे भाऊ गावात कपाटांतून घड्या घालून ठेवलेत, पुढच्या सामन्यासाठी. त्यांचा मला हेवा वाटत नाही. तुम्हीही कधी एका रंगात जायचं ठरवाल, तर आधी गावातली डोकी मोजा, मग कापड आणा. आणि ते जमणार नसेल तर उघडे जा.

परवा प्रीतम सरावाहून आला, सायकलची चेन पडली होती. त्यानं खिळ्यावरून मला ओढलं, हात पुसले, आणि बापानं विचारलं, "फडकं कुठं गेलं बे?" तर म्हणाला, "हे काय, आपलं इथंच हाय."