यमुनाबाईंचा निवाडा

इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या मुळ्यांच्या घरी नवरात्रात सकाळची आरती आटोपली की शामराव 'चंबळेपार' वाचायला बसत. हे त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं. 'चंबळेपार' म्हणजे जुन्या काळची साहसी कादंबरी. रणधीर नावाचा तलवारबाज, कपटी किल्लेदार, चोरवाटा, घोड्यांवरचे पाठलाग, आणि दर दोन पानांमागे कुणी ना कुणी भिंतीवरून उडी मारणारच. रोज थोडं थोडं पुढे सरकत दसऱ्याच्या सकाळी शस्त्रपूजेनंतर शेवटचं प्रकरण यायचं. घरात शस्त्र म्हणावं असं काही नव्हतं, त्यामुळे पूजेला विळी, कातर आणि शामरावांचा पाना-पेचकस मांडला जाई. पण बुरुजावरचं द्वंद्व सुरू झालं की गल्लीतल्या मंडळींनी भरलेली बैठकीची खोली श्वास रोखून बसे. शेवटचं वाक्य संपता संपता वाफाळते पोहे हातात यायला हवेत, हाही मुळ्यांचा शिरस्ताच.

पोहे आपोआप येत नाहीत, ही गोष्ट मात्र त्या खोलीत आजवर कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

यमुनाबाई शामरावांशी लग्न होऊन देवासहून या घरात आल्या, त्या पहिल्याच नवरात्रात स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहून त्यांनी सगळी कादंबरी ऐकली. रणधीर त्यांना मनापासून आवडला. विचार न करता उडी घेणारा माणूस, अगदी त्यांच्या धाकट्या भावासारखा. दसऱ्याच्या दिवशी रणधीरनं बुरुजाच्या पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि सासूबाई कानाशी म्हणाल्या, "चल, पोह्यांना वाफ द्यायचीय." त्या आत गेल्या. पुढच्या वर्षीही गेल्या. मग सासूबाई गेल्या, सासरे गेले, वाचन शामरावांकडे आलं, पण पहिल्या पायरीला आत जाणं काही सुटलं नाही. बुरुजावर पुढे काय झालं ते यमुनाबाईंना आजतागायत माहीत नव्हतं.

म्हणाल तर पुस्तक कपाटातच होतं. एखाद्या दुपारी काढून शेवटचं प्रकरण वाचायला कुणी हात धरला नव्हता. पण यमुनाबाईंचा एक हट्ट होता. एवढी माणसं बसतात, त्यातल्या एकाला तरी वाटेल की यमुना दिसत नाही, तिला बाहेर बोलवा. बोलावलं की ऐकू. तोवर अर्धंमुर्धं काही कानावर पडू नये म्हणून त्या दसऱ्याला स्वयंपाकघरातला पंखा भरधाव सोडत. खाताना कुणी "काय तो शेवट!" म्हणून सुरू झालं की त्या लिंबू आणायला आत पळत. असं करता करता केस पांढरे झाले, पण बोलावणं आलं नाही.

यंदा मात्र 'चंबळेपार'वर हिंदीत मोठा सिनेमा आला. शेजारचा नीरज पलासियात एका ऑफिसात होता. तो एका संध्याकाळी शामरावांना म्हणाला, "काका, ईमानदारीनं बोलू का? वाचन ऐकायला आता बसतंय कोण? दसऱ्यापर्यंत पिक्चर घरबसल्या बघता येईल. मी प्रोजेक्टर लावतो ना, सगळे मिळून मजेत बघू."

गल्लीतले पांडुरंगराव तिथेच बसले होते. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेला माणूस, त्यांना हे कुठून सहन व्हायला? "अरे, तो पिक्चर या पुस्तकाच्या पासंगालाही पुरायचा नाही!"

"बघितल्याशिवाय कसं काय बोलता, सर?"

वाद वाढला, चहा थंड झाला, आणि शेवटी ठरलं असं की सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचा आणि निवाडा करायचा. सरस ठरेल त्याचा दसरा. सिनेमा जिंकला तर वाचन कायमचं बंद. पंच कोण, यावर मात्र क्षणभरही वाद झाला नाही. "वहिनी," पांडुरंगराव म्हणाले. "इतकी वर्षं या घरात पुस्तक वाचलं जातंय. त्यांच्याइतकं कुणाला पाठ असणार?" नीरजही लगेच कबूल झाला.

"मी कशाला," यमुनाबाई म्हणाल्या. सगळ्यांना तो विनय वाटला.

त्यांना दोन दिवस घास गोड लागेना. सिनेमाला कौल द्यावा, तर वाचन संपलं आणि बोलावण्याची आशाही संपली. पुस्तकाला द्यावा, तर पुन्हा कढई आणि पंखा. आणि या सगळ्याआधी सिनेमाच शेवट सांगून मोकळा होणार होता. इतकी वर्षं सांभाळलेला शेवट तिकीट काढून भलत्याच माणसाकडून ऐकायचा, याचा त्यांना मनस्वी राग आला.

रविवारी दुपारच्या खेळाला मंडळी पलासियाला गेली. यमुनाबाईंच्या एका बाजूला शामराव, दुसऱ्या बाजूला स्वानंदी. ही सांगलीची मुलगी, नोकरीसाठी इंदूरला आलेली, उन्हाळ्यापासून मुळ्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होती. सिनेमा सुरू झाला तसे पांडुरंगराव कुरकुरायला लागले. रणधीरला दाढी कुठे होती, घोडा पांढरा कसा, हा संवाद कुठल्या पानावर आहे? नीरज शिट्ट्या मारत होता. यमुनाबाईंना, खरं सांगायचं तर, फार मजा येत होती. रणधीर दोराला लटकून खंदक पार करतो तेव्हा त्यांनी स्वानंदीचा हात घट्ट धरला. आपल्याला हे आवडतंय याचं त्यांना जरा वाईटही वाटलं.

मग बुरुज आला. मशालींच्या उजेडात रणधीरनं पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.

आणि यमुनाबाई उठून उभ्या राहिल्या. पदर खोचला.

"काकू, कुठे?" स्वानंदीनं हळूच विचारलं.

"पोह्यांना वाफ..." एवढं म्हणून त्या थांबल्या. आपण कुठे आहोत ते त्यांच्या लक्षात आलं. मागून कुणीतरी म्हणालं, "आंटीजी, बैठ जाओ ना." त्या बसल्या नाहीत. लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत थेट बाहेर गेल्या.

स्वानंदी मागोमाग आली. बाहेरच्या गार, चकचकीत दालनात मक्याच्या लाह्यांचा वास भरला होता. तिथल्या बाकावर बसून यमुनाबाईंनी तिला सगळं सांगितलं. दुसऱ्या कुणाला त्या सांगू शकल्या नसत्या. ही पोरगी नवी होती, तिला मुळ्यांचा शिरस्ता ठाऊक नव्हता.

"अजून चाललंय आत," स्वानंदी म्हणाली. "चला, बघून टाका एकदाचं."

"नाही. आधी पुस्तकातलं."

"मग निवाड्याला काय सांगणार?"

यमुनाबाई उठून काउंटरकडे गेल्या. त्यांनी लाह्या घेतल्या आणि दोघी खात बसल्या.

घरी परतल्यावर त्याच बैठकीत सगळे जमले. शामरावांनी विचारलं, "मधेच कुठे गेलीस गं?" आणि उत्तर यायच्या आत पांडुरंगरावांचं भाषण सुरू झालं. मग नीरजचं. दोघं दमले तेव्हा सगळे यमुनाबाईंकडे वळले.

"मला निवाडा देता येत नाही," त्या म्हणाल्या. "पिक्चरचा शेवट मी बघितला नाही."

"बघा," पांडुरंगराव म्हणाले, "वहिनींना सहनसुद्धा झाला नाही."

"पुस्तकाचाही ऐकलेला नाही."

कुणाला काही कळेना. शामराव हसले. "काहीतरी काय? दर वर्षी तर तू इथेच असतेस."

"इथे नाही. आत."

शामरावांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले. पहिल्या वर्षापासूनचे दसरे एकेक करून त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना यमुनाबाईंना दिसले.

"मग सांगायचं नाहीस का?"

"तुम्ही विचाराल म्हणून थांबले होते."

सरळ आवाजात बोलायचं त्यांनी ठरवलं होतं, पण शेवटच्या शब्दाला पदर डोळ्यांकडे गेलाच. एका तलवारबाजासाठी चारचौघांत डोळे भरून यावेत याची त्यांना लाज वाटली, आणि बोलून टाकल्यामुळे फार हलकंही वाटलं.

शामरावांनी उठून कपाटातून पुस्तक काढलं. आपल्या समोरच्या, मधल्या खुर्चीवरून पांडुरंगरावांना उठवलं आणि तिथे यमुनाबाईंना बसवलं. नीरजनं न सांगता मोबाइल बंद केला.

सुरुवातीला शामराव फार भरभर वाचत होते. एका पानानंतर आवाज जागेवर आला. त्यांनी दुसऱ्या कुणाकडेही बघितलं नाही, एकेक वाक्य यमुनाबाईंनाच सांगितलं. पायऱ्या संपल्या. तलवारी भिडल्या, रणधीरची तलवार मोडली, तो तटाला पाठ लावून उभा राहिला. किल्लेदार शेवटचा वार करायला धावला आणि तटावरच्या शेवाळावरून पाय घसरून खाली खंदकात पडला. रणधीरनं चंबळेला नमस्कार केला. संपलं.

"वाहवा," मंडळी सवयीनं म्हणाली आणि यमुनाबाईंकडे बघायला लागली.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

"एवढंच म्हणजे?" पांडुरंगराव दचकले.

"घसरून पडला? मग यात रणधीरनं काय केलं? शेवाळ नसतं तर मेलाच असता की."

"अहो वहिनी, ती नियती..."

"सर, बात तो सही आहे," नीरज म्हणाला. "म्हणजे रणधीर जिंकलाच नाही ना!"

शामराव एकदम हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. "बाबांनी वाचलं, मी वाचलं, आणि हे कुणाला दिसलं नाही," ते म्हणाले. त्यानंतर जो वाद जुंपला तो दिवेलागण झाली तरी मिटेना. पांडुरंगराव नियतीच्या बाजूनं भांडले, स्वानंदी शेवाळाच्या. त्या खोलीत इतकी वर्षं या पुस्तकाला सगळे नुसत्या माना डोलावत आले होते. यमुनाबाईंची निराशा झाली होती, अगदी जीव लावून वाट बघितल्यावर होते तशी. पण मधल्या खुर्चीवर बसून त्या तावातावानं बोलत होत्या, कुणी मधे बोललं तर हातानं थांबवत होत्या, आणि इतकं मोकळं त्यांना या घरात क्वचितच वाटलं होतं.

निवाडा अजून राहिलाच होता. बुधवारी दुपारी नवरा-बायको दोघंच पुन्हा पलासियाला गेले. बुरुज आला. पहिल्या पायरीला शामरावांनी त्यांच्याकडे बघितलं. यमुनाबाई जागच्या हलल्या नाहीत. सिनेमातला किल्लेदारही घसरला, पण रणधीरनं झेप घेऊन त्याचं मनगट पकडलं, वर ओढून घेतलं, पडलेली तलवार त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "अब लड़ो." यमुनाबाईंनी भर थिएटरात टाळ्या वाजवल्या.

बाहेर रस्त्यावर गाड्यांची ही गर्दी. रिक्षाची वाट बघत शामरावांनी विचारलं, "बोला पंच, कोण जिंकलं?"

"शेवट पिक्चरवाल्यांचा चांगला. त्यांनाही ते शेवाळ खटकलं असणार. बाकी सगळं पुस्तक."

"मग दसऱ्याला काय करायचं?"

"वाचा. मला पुन्हा ऐकायचंय. रविवारी नुसती शेवटाची घाई झाली होती, लढाई नीट ऐकलीच नाही."

शामरावांनी येणाऱ्या रिक्षाला हात केला.

"कुठे बसशील?" त्यांनी विचारलं.

"मधोमध," यमुनाबाई म्हणाल्या.