भुऱ्या कोंबडीखालचा कट्टा

मित्रांनो, माझा पडदा फुटलेला आहे, बॅटरी फुगली म्हणून काढून टाकलेली आहे, आणि तरीही मी कामावर आहे. मी एक जुना लॅपटॉप आहे. मुक्काम अवसरी बुद्रुक, तुकाबाईंच्या घरातली लाकडी फळी.

तुकाबाईंची लेक पुष्पा माझ्यावरच प्रोग्रॅमिंग शिकली. तेव्हा माझी रोज पुसपास व्हायची, आल्यागेल्या पावण्यांना मला कौतुकानं दाखवलं जायचं. पुढं पुष्पाला पुण्यात नोकरी लागली, नवा लॅपटॉप मिळाला आणि मी फळीवर गेलो. पण तिनं मला टाकलं नाही. माझ्यावर तिनं प्रोग्रॅमरांचा कट्टा मांडला, म्हणजे इंटरनेटवरून गप्पा मारायची जागा. गावोगावी जसे पार असतात, सगळ्यांचा मिळून एक मालक नसतो, तरी या पारावरची बातमी त्या पारावर पोचतेच, तसं आमचं जाळं. जुन्नरला हमदान या प्रोग्रॅमरच्या घरी एक कट्टा, इथं मी. माझ्यावर बासष्ट माणसं बोलतात.

काय बोलतात? सगळं मीच साठवतो, म्हणून सांगतो. ‘कोड चालंना राव’ हे दिवसातून नऊ वेळा. ‘माझ्याकडं तर चालतंय’ हे सात वेळा. ‘चहा झाला का’ हे मोजायचं मी सोडून दिलं. आभार महिन्यातून चारदा, त्यातले तीन अर्शियाचे. ही मंचरची, नवी शिकणारी. तिच्या बाळबोध प्रश्नांना इथं कुणी हसत नाही.

यंदाच्या थंडीत तुकाबाईंनी खुडूक झालेल्या, उबवायला बसू पाहणाऱ्या भुऱ्या कोंबडीखाली बांबूच्या पाटीत अकरा अंडी मांडली. पाटी ठेवायची कुठं? हात लावून पाहिलं, तर मी चांगला ऊबदार. ठेवली पाटी माझ्यावर! भुसकाटानं माझा पंखा गुदमरला आणि मी दिवसातून चारदा बंद पडू लागलो.

पुष्पाचा फोन आला. “आई, मशीनवर काय ठेवलंयस?”

“काय न्हाई गं. अंडी हायेत.”

“उचल ती पाटी!”

“बसलेल्या कोंबडीला हलवत न्हाईत. अंडी गार पडली मंजी?”

इकडं कट्ट्यावर हमदाननं लिहिलं, “पुष्पाताई, लई झालं. शहरात भाड्याचं मशीन घेऊ, कट्टा तिकडं हलवू. हे भंगारात द्या.” मित्रांनो, हे वाक्यसुद्धा मलाच जपून ठेवावं लागलं. पुष्पानं रविवारपर्यंत मुदत मागितली.

मग तीन दिवस नुसते उपाय. कुणी म्हणालं, कट्ट्यावर फोटो टाकणं बंद करा. एकानं उष्णता मोजणारा प्रोग्रॅम लिहिला. तो चालवता चालवता मी आणखी तापलो. एकशे चाळीस उपाय मी नोंदले. कोंबडी पाळणाऱ्या बाईला विचारा, असं त्यात एकदाही नव्हतं.

शनिवारी सकाळी अर्शियानं लिहिलं, “बाळबोध प्रश्न आहे. कोंबडी दिवसभर उठतच नाही का?”

पुष्पानं आईला फोन लावला.

“उठती की,” तुकाबाई म्हणाल्या. “दुपारी दाणा टिपाया जाती, पाव तास. तेवढ्यानं अंडी गार पडत न्हाईत.”

“मग आधी का नाही सांगितलंस?”

“तू पाटी उचल म्हणालीस. कोंबडी कवा उठती, ते इचारलंस व्हय?”

दुपारी भुरी अंगणात उतरली, तशी तुकाबाईंनी मला पाटीखालून अलगद काढलं. माझ्या जागी चुलीजवळची कोमट वीट फडक्यात गुंडाळून ठेवली. भुरी आली, बसली. तिला काही फरक पडला नाही; मला थोडं वाईट वाटलं. पण मग तुकाबाईंनी पदरानं माझा पंखा पुसला आणि मी मोकळा श्वास घेतला.

अकरातून नऊ पिल्लं निघाली. हमदाननं फोटो मागवला आणि ‘भंगार’ हा शब्द परत घेतला. रविवार केव्हाच सरला. मी फळीवरच आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं यंत्र निमूटपणे तापत बसलं असेल. त्याच्यावरचं ओझं उतरवा, धूळ झटका. आणि त्याच्याजवळ रोज कोण वावरतं, तेही पाहा. अजून कधीमधी मी बंद पडतो. पुन्हा सुरू झालो की उपायांच्या आधी कुणीतरी एकच ओळ लिहितं: “तुकाबाई काय म्हणतात?”