सरळ रेषेतली धूळ

या, टेका जरा. घाईत असलात तरी टेका, गोष्ट काही मैलभर लांब नाही. भुताखेताचीही नाही. पण ऐकता ऐकता डोकं वर करून छताकडे बघावंसं वाटलं, तर मला बोल लावू नका.

आपल्या मिस्त्रीला ओळखता ना? त्याची भाची. लहानपणी मामाच्या खिशातली मोजपट्टी पळवायची आणि मांजराची शेपटी, आईची वेणी, दिसेल ते मोजत सुटायची. म्हणून मामा तिला 'टेप' म्हणतो, अजूनही. ही टेप शिकून आर्किटेक्ट झाली, तरी तिचं पोट भरलं नाही. वर आणखी दोन वर्षांचं शिक्षण घेतलं. शहरं कशी आखायची, जुन्या इमारतींना नवं काम कसं लावायचं, आणि सगळं कॉम्प्युटरवर. मामा चिडवायचा, "घर पण त्यातच बांधा, आणि राहायला पण त्यातच जा. सिमेंट तरी वाचेल."

शेवटच्या वर्षी कॉलेजनं खरंखुरं काम दिलं. कॉलेजच्या मागच्या रस्त्याला एक जुनं गोदाम आहे, वर विटांचं कमानीचं छत. त्याचं वाचनालय करायचं. टेपचा नकाशा पसंत पडला आणि मिस्त्री म्हणून तिनं मामाचं नाव दिलं. आता मामाचं जन्माचं एकच म्हणणं: नकाशा खोटं बोलतो, भिंतीला विचारावं. पण हा नकाशा पडला भाचीचा! त्याला घडी पडू नये म्हणून गडी तो गुंडाळून, काखेत धरून चार दिवस मिरवत होता.

आणि परीक्षेचा दिवस उजाडला.

भिंतभर पडदा, समोर कॉलेजच्या बाई, आणि बाहेरून बोलावलेले परीक्षक, एक म्हातारे इंजिनिअर. भुवया अशा जाड की त्या वर गेल्या की पोरं पाणी मागायची. टेप धडाधड बोलत होती. गोदाम लेझरच्या यंत्रानं मोजलं म्हणाली. यंत्र मध्ये ठेवायचं, ते गरगर फिरतं, किरण जिथे आपटेल तिथे एक ठिपका. असे कोट्यवधी ठिपके, की झाली इमारत उभी.

"ठिपके साफ केलेत?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"हो सर. हवेतली धूळ, इकडचे तिकडचे कण, सगळं काढलं. फाइल फार जड होती, कॉम्प्युटर अडकायचा. म्हणून तीनदा साफ केलं."

"साफ न केलेलं दाखवा."

तिनं उघडलं. कमान जिथून सुरू होते त्या उंचीवर, हवेतच, विरळ ठिपक्यांचा शिडकावा होता. म्हातारे उठले, पडद्यापाशी गेले आणि बोट टेकवलं.

"ही धूळ?"

"हो सर."

"मग ती सरळ रेषेत कशी उडते? आणि पाच ठिकाणी, अगदी सारखं अंतर ठेवून?"

टेपनं पडद्यावर मोजलं. खरंच पाच.

त्याचं असं आहे, कमान म्हणजे पाय फाकवून उभा असलेला माणूस. ओझ्यानं पाय घसरतात आणि भिंती बाहेर ढकलतात. म्हणून जुन्या माणसांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोखंडी सळ्या ताणून ठेवल्या होत्या. पाय धरून ठेवणाऱ्या. बोटाएवढ्या जाड, गंजलेल्या, जळमटांत आणि जुन्या वायरींत हरवलेल्या. यंत्राला त्यांचे चारदोन ठिपके दिसले, आणि साफसफाईत तेही गेले. टेप तिथे गेली होती, नाही असं नाही. पण सगळा वेळ नजर यंत्राच्या पडद्यावर.

इतकंच असतं तर मार्कांवर भागलं असतं. पण तिला कालचा फोन आठवला. संध्याकाळी मामाचा आलेला.

"टेप, वर लोखंड आहे गं आडवं. त्याचं काय करू?"

ती परीक्षेच्या तयारीत बुडालेली. तिला वाटलं, असेल कसलं तरी लोंबतं भंगार. म्हणाली, "मामा, नकाशात आहे का?"

"नाही."

"मग ते नाहीच असं समज. काढून टाक."

आणि नकाशाच्या कोपऱ्यात तिच्याच हातची ओळ होती: यात नसलेलं सगळं काढणे.

घड्याळात साडेअकरा. काम आठला सुरू होतं.

तिनं फोन लावला. वाजत राहिला. मामा फोन सदऱ्याच्या खिशात ठेवतो आणि सदरा खिळ्याला टांगतो, हे तिला जन्मापासून माहीत. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला नाही, धावत सुटली. बाई हाका मारतायत, म्हातारे छत्री घेऊन मागून निघालेत, हिला कशाचं भान नाही. रस्त्यात एक चप्पल गेली. पाय धावत होते आणि मन सारखं त्या कमानीखाली जाऊन कोण कोण उभं आहे ते मोजत होतं. मामा. गवंडी. दोन बिगारी. झाडलोट करणाऱ्या मावशी.

गोदामाच्या दारात पोचली तेव्हा आतून कटरचा आवाज येत होता, दातांतून जाणारा. दोन सळ्या खाली पडलेल्या. बांबूच्या परांचीवर उभा राहून मामा स्वतः तिसरी कापत होता, ठिणग्यांचा पाऊस. मावशी बरोबर त्याच्याखाली झाडत होत्या.

ओरडावं तर त्या कटरपुढे कुणाला ऐकू जाणार? तिनं भिंतीशी जाऊन प्लग उपटला.

एकदम शांत झालं. त्या शांततेत वरून कुठून तरी वाळू गळण्याचा आवाज आला. बारीक, थांबून थांबून.

"कुणाचा हात शिवशिवला रे?" मामा वरून गरजला, मग खाली बघितलं. "अगं टेप! परीक्षा सोडून इथे?"

"मामा, हलू नको. त्या सळ्यांनी छत धरलंय. मी त्या पुसल्या. माझी चूक आहे."

वाळूचा आवाज मामालाही आला होता. मग अगदी हळू, जसं झोपलेल्या लेकराशेजारी बोलतात तसं म्हणाला, "मावशी, झाडू तिथेच ठेवा. चालत बाहेर. धावायचं नाही कुणी."

एकेक जण बाहेर गेला. मामा मात्र वरच.

"तू पण ये ना!"

"अर्धी कापलेली सोडून? ती तुटली तर चौथी, पाचवी मागोमाग. दाराशी साखळी-कप्पी पडलीय, दे इकडे. दे आणि तूही बाहेर जा."

तिनं ती जड साखळी खांद्यावर टाकली आणि दिली नाही, घेऊन वर चढली. दोघांनी मिळून कापाच्या अलीकडे-पलीकडे साखळी अडकवली, मामा कडीकडीनं ताणत गेला. प्रत्येक कडीला ती वर बघायची. एक वीट किंचित खाली आलेली दिसत होती. तिला वाटत होतं, आपण श्वास सोडला तरी ती पडेल.

"पहिली तुटली तेव्हा बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला," मामा पुटपुटला. "तेव्हाच भिंतीला विचारायला हवं होतं. पण म्हटलं, नकाशा भाचीनं काढलाय. मशीननं हिशेब केला असेल."

टेप तिथेच, परांचीवर, रडायला लागली.

"रड नंतर. आधी ताण."

छत पडलं नाही. मागून पोचलेल्या म्हाताऱ्यांनी छत्री फेकून टेकू लावायला हात दिला, कापलेल्या दोन सळ्यांच्या जागीही साखळ्या ताणल्या. पण बाहेरच्या भिंतीला आता एक तडा आहे, नख जाईल एवढा. मामानं त्यावर तीन ठिकाणी काचेच्या पट्ट्या चिकटवल्यात. भिंत आणखी सरकली तर काच फुटते, इतकी साधी गोष्ट. म्हातारे टेपला म्हणाले, "निकाल मी देणार नाही. महिनाभर काच टिकली, तर नव्या सळ्या ताणू आणि तुमची परीक्षा पुन्हा घेऊ. फुटली, तर गोदाम उतरवावं लागेल."

आज सव्विसावा दिवस. ती रोज सकाळी बघायला जायची, पण कालपासून तापानं अंथरुणात आहे. मामाला तिकडे जायचं धाडस होत नाही, तो नुसता तिच्या उशाशी बसून आहे. माझा हा गुडघा तर तुम्ही बघताच.

तुम्ही त्याच रस्त्यानं जाणार ना? आत जाऊ नका. मागच्या अंगाला जा, तीन काचा आहेत. तिन्ही नीट बघा, आणि जे दिसेल ते परत येऊन आधी माझ्या कानात सांगा.